वत्सूआत्या आणि धुतलेला फरसा

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या इस्पितळात वत्सूआत्याची आणि माझी शेवटची भेट झाली, तेव्हा तिने नुकताच एका मिशाळ, धडधाकट ब्रदरच्या दिशेने पाण्याचा स्टीलचा पेला भिरकावला होता. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने तिला "चलो अम्मा, अच्छे बच्चे की तरह दवा पी लो" असं म्हटलं. मी खोलीत शिरलो तर तो दाराआड उभा, भिंत ओली, पेला अजून फरशीवर गोल गोल फिरतोय आणि पलंगावर नव्वदीला टेकलेली, चिमणीएवढी उरलेली आमची आत्या धापा टाकतेय. मला बघून तिने डोळे उघडले. मला वाटलं, आता काहीतरी निरवानिरवीचं बोलेल. ती म्हणाली, "लागला का रे त्याला?"

"नाही आत्या. भिंतीला लागला."

तिने मान वळवून ओली भिंत पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे नेम गेला. आता थांबण्यात अर्थ नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. हे मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं, मी मीठमसाला लावतोय. लावतो, नाही असं नाही. पण इथे लावलेला नाही. तो ब्रदर अंत्ययात्रेला आला होता आणि आमच्यातल्या बऱ्याच नातेवाइकांपेक्षा जास्त रडत होता.

ग्वाल्हेरच्या कोर्टात काळा कोट घालून उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी ॲडव्होकेट वत्सला इंगवले ही एक. पहिली की दुसरी, यावर जुन्या वकिलांत वाद आहे. आत्या म्हणायची, पहिली. आणि जी दुसरी होती, तिची तिला विरोध करायची हिंमत नव्हती. आमचं घराणं दख्खनेतून शिपाईगिरी करत इकडे आलेलं. राज्यं गेली, तलवारी गेल्या, एक तेवढी उरली. पण पुरुषांच्या अंगावरची वर्दी काही उतरली नाही. कुणी फौजेत, कुणी पोलिसात, अगदीच नाही जमलं तर कुणी होमगार्डात. अशा घरातल्या मुलीने वकिली शिकावी आणि वर लाल झेंडा हातात घ्यावा, यावर आजोबांनी पुष्कळ आरडाओरडा केला म्हणतात. आत्या त्यांना म्हणाली, "घरात मारामारीची परंपरा आहेच की अण्णा. मी फक्त बाजू बदलली."

कोर्टातल्या तिच्या पहिल्या दिवसाची गोष्ट बाररूममध्ये अजून सांगतात. ती आत गेली तर एकच खुर्ची मोकळी, आणि तिच्यावर एका ज्येष्ठ वकिलांनी पाय पसरलेले. ते वर न बघताच म्हणाले, "बहनजी, गवाह बाहर बैठते हैं." आत्या अगदी गोड आवाजात म्हणाली, "मैं गवाह नहीं हूँ. लेकिन आपने पैर नहीं हटाए, तो पाँच मिनट में आपको गवाहों की ज़रूरत पड़ेगी." पाय हटले. पुढे तेच वकील तिला राखी बांधायला बोलवत. ती जायची नाही. म्हणायची, "ज्याच्यापासून रक्षण करायचं, त्यालाच बांधायची?"

माझे वडील, यशवंतराव, तिचे धाकटे भाऊ. ते पोलिसात हेड कॉन्स्टेबल होते. आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला दीवानजी म्हणतात. बहीण मोर्च्यात आणि भाऊ बंदोबस्तात, असं कित्येकदा व्हायचं. एकदा महागाईच्या मोर्च्यावर लाठीमार झाला. आत्या पुढच्या रांगेत, बाबा समोरच्या रांगेत. हुकूम सुटला, लाठ्या उठल्या, डोकी फुटली, दुसऱ्याच कुणाच्या तरी लाठीने आत्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बाबांनी मात्र, घरचं माणूस म्हणून, तिला सोडून तिच्या शेजारच्या कॉम्रेडला हाणलं. आत्याने गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली, की अमुक पोलिसाने कर्तव्य बजावताना नातेवाइकाला सवलत दिली. बाबांना समज मिळाली. ते तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत, पण दर रविवारी तिच्या नया बाज़ारातल्या खोलीवर माझ्या आईने दिलेला डबा मात्र मुकाट्याने पोचवत राहिले.

आता मुख्य गोष्ट. ती मी शंभर वेळा सांगितली आहे. आज पहिल्यांदा लिहितोय, त्यामुळे हात जरा जपून चालतोय.

शहरातल्या पडाव भागात तेव्हा ट्रान्सपोर्टची मोठमोठी गोदामं होती आणि पाठीवरून पोती वाहणारे शेकडो पल्लेदार. आत्याने त्यांची युनियन बांधली. मागणी साधी होती : क्विंटलभराचं पोतं एका माणसाच्या पाठीवर देऊ नका. पल्लेदारांचा पुढारी हरगोविंद. त्याची पाठ इतकी रुंद की आत्या त्याला म्हणायची, "तुझ्या पाठीवर पोस्टर चिकटवलं तरी मोर्चा निघेल." मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे नाव कॉलेजात होतं, मी स्वतः स्कूटरवर होतो आणि मागे आत्या. त्यामुळे ही सगळी माणसं मला माहीत होती. गज्जू ठेकेदारही माहीत होता. पांढरा सफारी, अत्तर, आणि गोदामाच्या फाटकात खुर्ची टाकून बसायची सवय.

एका दुपारी गज्जूने पोतं उचल म्हटलं. हरगोविंदने आपलं पोतं खाली ठेवलं, आणि त्याचं बघून रांगेतल्या सगळ्यांनी ठेवलं. धप्, धप्, धप्... तो आवाज गज्जूला सोसला नाही. गोदामात फरसा असायचा. फरसा म्हणजे कुऱ्हाडीचा थोरला भाऊ; लांब दांडा, चंद्रकोरीसारखं पातं. गज्जू आत गेला, तो घेऊन बाहेर आला आणि काही न बोलता त्याने हरगोविंदच्या मानेवर घाव घातला. हरगोविंदने दुसरा घाव हातावर झेलला. बोटं गव्हात पडली. तिसरा घाव, लोक सांगतात, गरजेचा नव्हता. गज्जू फरसा घेऊन बाहेर आला तेव्हाच हरगोविंदची बायको गेंदाबाई फडक्यात भाकरी बांधून फाटकातून आत येत होती. तिने पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत सगळं पाहिलं. पोलीस आले, गज्जूला धरला, रक्ताने माखलेला फरसा जप्त केला. आणि पन्नास पल्लेदार, जे तिथे उभे होते, त्यांतल्या एकालाही दुसऱ्या दिवशी काही आठवेना. मी त्यांना नावं ठेवत नाही. गज्जूची माणसं रात्रीतून प्रत्येकाच्या झोपडीत जाऊन आली होती. गेंदाबाईच्याही गेली. दाराला कुऱ्हाडीचा दांडा ठोकत ती माणसं म्हणाली, "भाईसाहब को छूटकर आने दो."

म्हणजे हिशेब स्वच्छ होता. गज्जू सुटला की गेंदाबाई मेली. आणि त्याला आत ठेवायला दोनच गोष्टी होत्या : गेंदाबाईची जीभ आणि फरशावरचं रक्त. आत्या सरकारी वकिलांच्या मदतीला गेंदाबाईतर्फे उभी राहिली. गेंदाबाई तिला बुआजी म्हणायची. आत्याने तिला सांगितलं होतं, "तू बोल. तुला खोटी म्हणाले, तर फरसा बोलेल." फरसा बाहेरगावच्या प्रयोगशाळेत तपासायला जायचा होता. पण सरकारी काम. तो आपला ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या खोलीत, चिंध्यांत बांधलेला पडून राहिला. आणि मालखाना कुणाच्या ताब्यात? आमच्या बाबांच्या.

अशात दसरा आला.

आत्या देव मानायची नाही, पण सोनं घ्यायची. म्हणायची, "पानं खरी, सोनं खोटं, आणि दोघांनाही ते माहीत. असल्या व्यवहाराला माझी हरकत नाही." बाबा वर्दीतच आले, मी बरोबर होतो. त्यांनी वाकून नमस्कार केला, आपट्याची पानं तिच्या हातात ठेवली आणि चहाचा कप घेऊन ऐटीत बसले. चेहऱ्यावर असं तेज, की जणू बढती झाली आहे.

"ताई, या वर्षी खंडेनवमीला मी काय केलं, माहीत आहे? पूर्ण मालखान्याची पूजा!"

"म्हणजे?"

"दरवर्षी ठाण्यात फक्त आपल्या रायफली मांडतात. मी म्हटलं, बाकीची हत्यारं काय सावत्र आहेत? सगळी बाहेर काढली. गावठी कट्टे, चाकू, तलवारी... राखेने घासली, तेल दिलं, हळदकुंकू वाहिलं. एकही उपाशी ठेवलं नाही."

आत्याचा कप हवेत थांबला. "सगळी?"

"एकूण एक."

"यशा... हरगोविंदचा फरसा?"

"अगं, त्याची तर हालत बघवत नव्हती!" बाबा कळवळून म्हणाले. "चिंध्यांत बांधलेला, सील अर्धं सुटलेलं, वर ते सगळं वाळून काळं पडलेलं. शस्त्राला असं ठेवतात का? ते पण खंडेनवमीला? दोनदा घासला. आरसा झालाय, आरसा!"

मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ थपडा पाहिल्या आहेत, काही खाल्ल्याही आहेत; पण त्या थपडेचा आवाज खालच्या कापडाच्या दुकानापर्यंत गेला. दुकानदार माप घेता घेता थांबला, हे त्याने मला स्वतः सांगितलं. बाबांची टोपी एकीकडे, कप दुसरीकडे, आपट्याची पानं छतापर्यंत. दुसरी थप्पड. तिसरीसाठी तिने टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. पन्नाशीचा हेड कॉन्स्टेबल पलंगाभोवती पळतोय आणि मागे पट्टी घेऊन वकीलबाई!

"मारू नकोस ताई, वर्दीत आहे!"

"मग वर्दी काढ!"

"पागल झाली आहेस का? शस्त्राचा काय दोष गं?"

त्या वाक्याला ती थांबली. पलंगावर बसली. पट्टी मांडीवर ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, "दोष नाही रे यशा. साक्ष होती. तू साक्ष धुतलीस."

बाबांना तेव्हा कळलं. खरंच तेव्हाच कळलं. शस्त्र अंगणात ठेवून पुजायचं, त्याने काय केलं हे विचारायचं नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकलेला माणूस; चिंध्यांत पडलेलं पातं बघून त्याचे हात आपोआप राखेकडे गेले. असली चूक दुसरा कुणी करता ना. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि गालावरून हात फिरवत राहिले...

फरसा तपासायला गेला आणि अहवाल आला : रक्ताचा अंश नाही. गज्जूच्या वकिलांनी तो कागद मिठाईसारखा हातात धरून फिरवला. ते म्हणू लागले, हा फरसा तो नव्हेच. बाई पाठ केलेलं बोलते. आत्याने बाबांना निरोप पाठवला, की कोर्टात उभा राहून खरं सांग. ती स्वतः सांगू शकत नव्हती. तिने सांगितलं तर ती बहिणीने ऐकलेली गोष्ट झाली असती. बाबा म्हणाले, नोकरी जाईल. आईने तर आत्याला दारातच गाठलं. "ताई, तुमचे मजूर तुम्हाला, आमची पोरं आम्हाला. तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला काय?" आत्याने त्या दिवशी डबा परत पाठवला. मला वाटतं, आईच्या त्या वाक्याने तिला लाठीपेक्षा जास्त लागलं असावं. कारण लाठीबद्दल ती हसून बोलायची, त्या वाक्याबद्दल कधीच बोलली नाही.

बाबा खंगले. ते खोटं बोलणार नव्हते, फक्त गप्प बसणार होते. सरकारी नोकरीत गप्प बसण्याला गुन्हा म्हणत नाहीत. कदाचित ते गप्पच राहिलेही असते. पण थंडी सुरू झाली, आणि थंडीत आमच्याकडे गजक, म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई, येते.

रविवारची सकाळ. पोलीस क्वार्टर्सचं अंगण. बायका वाळवणं टाकताहेत, बाबा बनियनवर दाढी करताहेत. गज्जूचा साळा आला, हातात गजकचा भलामोठा डबा. बाबांच्या पाया पडला.

"दीवानजी, भाईसाहब ने भेजा है. आपका एहसान नहीं भूलेंगे."

"कैसा एहसान?"

तो डोळा मारून म्हणाला, "अब इतने भोले भी मत बनिए. जो सफाई आपने की है ना... वाह! बाहर आते ही आपका घर भर देंगे."

बाबा बघत राहिले. गालावर अर्धा साबण. मी शपथेवर सांगतो, मला त्यांच्या चेहऱ्यावर ते उजाडताना दिसलं : ही माणसं मला विकलेला समजतात. अख्खं शहर समजत असेल. पुढच्या क्षणी त्यांनी तो पत्र्याचा डबा उचलला आणि साळ्याच्या डोक्यात घातला. झाकण उडालं. गजक करणारे लाकडी हातोड्यांनी तीळ कुटतात. बाबांनी उलट केलं, गजकने माणूस कुटला. नाक फुटलं, दात हलला, तीळ आणि रक्त एक झालं. तो फाटकाकडे पळाला तर फाटकापर्यंत कुटला. शेजारचे शिपाई धावले, पण बाबांना सोडवायला नव्हे, बघायला. अंगणात पुढे कित्येक दिवस मुंग्या होत्या.

मग बाबांनी उरलेली दाढीही न करता शर्ट चढवला आणि तसेच नया बाज़ारात गेले. मी मागे. आत्याने दार उघडलं. अर्धी दाढी, शर्टावर तीळ, मुठी रक्ताळलेल्या.

"ताई, लोक समजतात मी विकला गेलो."

"मग?"

"मी मूर्ख आहे, ताई. विकलेला नाही."

"हेच कोर्टात म्हण," आत्या म्हणाली. "एक शब्द बदलू नकोस. आणि आत ये, हात धू."

ही बातमी गज्जूपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तारखेच्या आदल्या आठवड्यात, भर संध्याकाळी, पडावाच्या वळणावर आमची स्कूटर चौघांनी अडवली. हॉकी स्टिका होत्या. माझ्या डोक्यात पहिली बसली आणि मी स्कूटरसकट नालीत. तिथून मी जे पाहिलं ते असं : आत्या रस्त्यावर, साडी फाटलेली, चष्मा गेलेला. एकाने तिच्या डाव्या हातावर स्टिक घातली आणि तो हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला. ती ओरडली नाही. दुसऱ्याने तिचं तोंड दाबलं, आणि ही त्याची चूक झाली. आत्याने त्याचा अंगठा दातांत धरला. तो किंचाळायला लागला, बाकीचे तिला मारताहेत, तो त्यांनाच ओरडतोय, "मत मारो, और ज़ोर से काटती है!" तोपर्यंत गोदामांतून पल्लेदार निघाले. आधी एक, मग दहा. तेच, ज्यांना काही आठवत नव्हतं. त्यांनी त्या चौघांचं जे केलं ते मी लिहीत नाही. आत्यानेच शेवटी ओरडून थांबवलं. ड्रेसिंग करताना ती मला म्हणाली, "तंबाखू खातो मेला. तोंडात चव राहिली आहे."

तारखेला ती प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून, कोट एकाच खांद्यावर टाकून आली. कोर्ट खचाखच. आधी गेंदाबाई. गज्जूचे वकील नावाजलेले, आवाज तुपातला. "तुमने कहा, फरसे से खून टपक रहा था. रिपोर्ट कहती है, एक बूँद नहीं. झूठा कौन है, बाई? रिपोर्ट या तुम?"

गेंदाबाईने कठडा घट्ट धरला. "रिपोट हम नईं जानत. हमाए आदमी को खून हतो. हमने देखो."

वकील हसले. मागे गज्जूची माणसंही हसली. गेंदाबाईने आत्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आधीच मेलेलं माणूस होतं.

मग बाबांना पुकारलं. कडक इस्त्रीची वर्दी, चढताना पाय अडखळला. सरकारी वकिलांनी विचारलं, जप्त झालेला फरसा मालखान्यात होता तसाच राहिला का?

"नहीं हुज़ूर. मैंने धोया."

बाबांनी सगळं सांगितलं. खंडेनवमी, राख, तेल, हळदकुंकू. धुण्याआधी पात्यावर काय होतं, तेही सांगितलं. कुठपर्यंत वाळलेलं होतं, ते बोटाने दाखवलं. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं कोर्ट. बाबांची मान लाल झाली. तुपातले वकील उठले.

"तो दीवानजी, आप कातिलों के हथियार पूजते हैं?"

"पूजा फरसे की थी साहब, मारने वाले की नहीं."

"और इतने महीने चुप क्यों रहे?"

"डर लगता था. अफ़सरों से भी, बहन से भी."

"अब नहीं लगता?"

बाबांनी आत्याकडे चोरून पाहिलं. "बहन से अब भी लगता है."

न्यायाधीशही हसले. पण वकिलांना घाव घालायचा होता. "साफ़ कहिए ना, बहन ने सिखाया है. आप बिके हुए हैं!"

"मैं मूर्ख हूँ हुज़ूर," बाबा म्हणाले, "बिका हुआ नहीं हूँ."

आत्या एवढा वेळ त्यांच्याकडे बघतही नव्हती. पेनाने प्लास्टरच्या आत खाजवत बसली होती. ते खाली उतरून तिच्याजवळून गेले, तेव्हा न बघता पुटपुटली, "वरचं बटन लाव."

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं त्याचा अर्थ एवढाच, की खोटं बोलणारा माणूस स्वतःची भाकर जाईल असं खोटं बोलत नाही. तेव्हा रक्त का नव्हतं हे समजलं, आणि गेंदाबाईवर अविश्वास ठेवायचं कारण उरलं नाही. गज्जूला जन्मठेप झाली. कोर्टाबाहेर त्याच्या माणसांनी दगड फेकले, पल्लेदारांनी परत फेकले, आत्याच्या कपाळाला एक लागला. टाके घालून घेताना ती गाणं गुणगुणत होती. गेंदाबाई जगली. नुसती जगली नाही, पुढे वीस वर्षं युनियन चालवली आणि आत्याशी कडाकडा भांडली.

बाबा मात्र निलंबित झाले. आत्याने त्यांची चौकशी अंगावर घेऊन लढवली, दर तारखेला त्यांना शिव्या देत. नोकरी वाचली, पण दीवानजीपद गेलं. साधे शिपाई होऊन ते पडावाच्या चौकात शिट्टी वाजवत उभे राहिले, निवृत्त होईपर्यंत. पाठीवर पोतं घेतलेले पल्लेदार रस्ता ओलांडताना, वाकलेल्या मानेनेच, "जय हिंद, दीवानजी!" म्हणायचे. त्या थपडांबद्दल आत्याने कधी माफी मागितली नाही. बाबांनी मागायला लावली नाही.

तिने एक केलं. त्या वर्षापासून ती, नास्तिक बाई, दर खंडेनवमीला आमच्या घरी येऊन पाटासमोर मांडी घालून बसू लागली. पाटावर जे जे ठेवलं जाई, त्याला कुंकू लागायच्या आधी ती एकच प्रश्न विचारायची : "याने काय केलंय?"

घराण्याची तलवार आली. "हिने काय केलंय?" बाबा म्हणायचे, "लढाया." "कुणासाठी? पलीकडे कोण होतं?" "ताई, नैवेद्य थंड होऊन राहिलाय." आईची विळी आली. "हिने?" आई ठसक्यात म्हणायची, "तुमच्या घराण्याची तोंडं भरली." "मग हिला दोनदा लाव." आधी त्रास व्हायचा, मग गंमत वाटायची, मग तो आमच्याकडचा विधीच झाला. बाबा गेले, आई गेली; आत्या काठी टेकत माझ्या फ्लॅटवर येऊ लागली. पाटावरच्या वस्तू बदलल्या. प्रश्न तोच.

तिच्या अंत्ययात्रेत एका चुलतभावाने तिच्या तोंडात गंगाजल घालायचा प्रयत्न केला, एका म्हाताऱ्या कॉम्रेडने त्याचा हात पकडला, आणि दोघांची चांगली झोंबाझोंबी झाली. गेंदाबाईने दोघांनाही बाजूला ढकललं आणि पल्लेदार बायकांसह तिरडी उचलली. आत्याला ती अंत्ययात्रा फार आवडली असती.

त्यानंतर काही आठवड्यांनी खंडेनवमी आली. पाट मांडला. तलवार ठेवली, विळी ठेवली, माझ्या मुलीने, मृण्मयीने, आपला फोन ठेवला. तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून एका मुलीची सालटी काढली होती. ती मुलगी कॉलेजला यायची बंद झाली होती. मला हे माझ्या बायकोकडून कळलं होतं. मृण्मयीने त्यात काय लिहिलं, की लिहिलंच नाही, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

समोर कुणी बसलेलं नव्हतं. विचारणारं कुणी नव्हतं. मी कुंकवाचं बोट फोनपाशी नेलं, आणि ते तिथे थांबलं...

"क्या?" मृण्मयी म्हणाली.

"काही नाही."

"बाबा, तुम ना, आत्याआजी मत बनो." पण म्हणता म्हणता ती त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग तिने फोन पाटावरून उचलला. "एक मिनिट," म्हणाली आणि बाल्कनीत गेली.

दार अर्धं उघडं होतं. आधी बराच वेळ ती अंगठ्याने काहीतरी वर वर सरकवत होती. मग काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग तिने फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ केली. निरांजनातली वात खाली आली. बायको म्हणाली, "अगं, नैवेद्य..." मी तिला हाताने थांबवलं.

मृण्मयी परत आली तेव्हा नाक लाल होतं. तिने फोन ओढणीने पुसला, पाटावर ठेवला आणि म्हणाली,

"अब लगाओ."